चॅप्टरला चेक लिहिण्याआधी

कॉलेज संपून दोन-चार वर्षं झाली, हातात पगार येऊ लागला, होमकमिंगला, म्हणजे कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या सोहळ्याला, एक चक्कर झाली की सोरोरिटीच्या (अमेरिकी कॉलेजांतल्या, ग्रीक अक्षरांच्या नावाच्या मुलींच्या संघटनेच्या) माजी सदस्यांना वाटू लागतं, आपल्या चॅप्टरसाठी, म्हणजे कॉलेजातल्या शाखेसाठी, काहीतरी करावं. बहुतेकींचा हात आधी पर्सकडे जातो. जाऊ दे, पण पैसे नक्की कोणाच्या खात्यात पडणार ते बघा, कारण त्याच ग्रीक अक्षरांच्या पाटीखाली तीन-चार वेगवेगळ्या संस्था असतात.

अमेरिकेच्या करकायद्यात चॅप्टर ५०१(सी)(७) या कलमात बसतो, सोप्या शब्दांत सोशल क्लब. त्याला दिलेल्या पैशावर करसवलत नाही. सदस्या राहतात ते चॅप्टरचं घर सांभाळणाऱ्या हाउस कॉर्पोरेशनला दिलेली रक्कमही सहसा सवलतीत बसत नाही. सवलत मिळते ती राष्ट्रीय संघटनेच्या फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर, कारण ते ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्था, असतं. फाउंडेशनमार्फत घरासाठी पैसे देता येतात, पण फक्त शैक्षणिक भागासाठी: अभ्यासिका, तिथली टेबलं, कॉम्प्युटर, त्यांचं वायरिंग. हॉलमधला सोफा त्यात येत नाही, मग त्यावर बसून कितीही अभ्यास होत असो.

म्हणून चेकवर फाउंडेशनचं पूर्ण कायदेशीर नाव लिहा आणि खाली डावीकडे मेमोच्या ओळीत चॅप्टरचं नाव आणि फंडाचं नाव. नुसतं सोरोरिटीचं नाव लिहिलं तर चेक कुठल्या टेबलावर पोचेल सांगता येत नाही, आणि मेमो कोरा ठेवला तर पैसे सर्वसाधारण फंडात जातात. २५० डॉलर किंवा जास्त दिले असतील तर फाउंडेशनची लेखी पावती हवीच, बँकेचं स्टेटमेंट पुरत नाही. ती टॅक्स रिटर्न भरण्याआधी हातात असली पाहिजे. स्टँडर्ड डिडक्शन (खर्चाची यादी न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्यांना २०२० आणि २०२१ सोडता एरवी देणगीचा काहीच फायदा नव्हता. २०२६ या करवर्षापासून त्यांनाही रोख देणगीवर एकटीला १,००० आणि जोडप्याला मिळून २,००० डॉलरपर्यंत वजावट आहे. नोकरीच्या ठिकाणी मॅचिंग गिफ्टची (तुमच्या देणगीला कंपनी आपली जोड देते, त्याची) सोय असेल तर त्याच वर्षी अर्ज करा. तो साधारणपणे फाउंडेशनच्याच देणगीला लागू होतो. चॅप्टरला थेट दिलेल्या पैशाला कंपनी जोड देत नाही, आणि हे कळेपर्यंत चेक वटलेला असतो.

एखाद्या ठरावीक मुलीची फी भरायची म्हणून फाउंडेशनकडे पैसे दिले, तर ती कराच्या दृष्टीने देणगी नव्हे. तिला मदतच करायची असेल तर ट्यूशन थेट कॉलेजला भरा, म्हणजे गिफ्ट टॅक्सचा प्रश्न येत नाही. कायमस्वरूपी शिष्यवृत्तीचं गणितही आधी मांडून बघा. एंडोमेंटमधून, म्हणजे कायमच्या ठेवीतून, वर्षाला साधारण चार टक्के खर्च करतात असं धरलं, तर २५,००० डॉलरच्या ठेवीतून १,००० निघतात. दहा मैत्रिणींनी मिळून पाच वर्षं दरसाल ५०० डॉलर दिले तर ही ठेव उभी राहते. घोडं अडतं ते तिसऱ्या वर्षी. सुरुवातीचा उत्साह ओसरतो, दोघी-तिघी गळतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी लेखी वचन घ्या आणि मासिक ऑटो-पे लावा. शिष्यवृत्तीचे पैसे ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांसाठी वापरले तर पदवीच्या विद्यार्थिनीला करमुक्त असतात, राहण्या-जेवणासाठी वापरले तर नाहीत. निवडपत्रात हे एका ओळीत लिहिलंत तर मुलीला एप्रिलमध्ये टॅक्स भरताना धक्का बसणार नाही.

पैशापेक्षा चॅप्टरला खरी चणचण असते ती सल्लागारांची. सॅश घालून फोटो काढायला येणाऱ्या पुष्कळ. महिन्यातून दोनदा संध्याकाळी दोन तास बसणाऱ्या थोड्या. सल्लागार मंडळात मुख्य सल्लागार, हिशेब, रिक्रूटमेंट (नव्या मुलींची निवड), नव्या सदस्या, रिस्क (सुरक्षितता) आणि अभ्यास अशी कामं वाटलेली असतात. कॅम्पसपासून दूर राहत असाल तर हिशेबाचं काम मागून घ्या, ते व्हिडिओ कॉलवर उत्तम होतं.

पद्धत साधी आहे. महिन्यातून एकदा खजिनदारासोबत पाऊण तास बसायचं. एका खिडकीत बँकेचं स्टेटमेंट, दुसरीत चॅप्टरची वही, तिसरीत पावत्यांचा फोल्डर. स्टेटमेंटमधली प्रत्येक ओळ वहीत सापडली पाहिजे आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीला पावती हवी. समजा वहीत शिल्लक ९,४६० आणि बँकेत १०,१००. फरक ६४०. बहुतेक वेळा हा डीजेला किंवा हॉलला दिलेला, अजून न वटलेला चेक निघतो. नाही निघाला तर तिथेच थांबून शोधा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. सगळ्यात जास्त गोंधळ होतो खजिनदाराच्या वैयक्तिक वेन्मोवर (पैसे पाठवायच्या ॲपवर) वर्गणी गोळा केल्याने. टी-शर्टचे पैसे आणि तिचे पिझ्झाचे पैसे एकाच यादीत येतात आणि मे महिन्यात ती पदवी घेऊन गेली की यादीही तिच्याबरोबर जाते. खातं चॅप्टरच्या ईआयएनवरच (संस्थेच्या कर-क्रमांकावरच) हवं, कुणाच्याही सोशल सिक्युरिटी नंबरवर, म्हणजे वैयक्तिक क्रमांकावर, नाही.

माजी सदस्यांच्या स्वतःच्या चॅप्टरलाही कागदपत्रं चुकत नाहीत. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या करखात्याकडे) ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म भरायचा, आर्थिक वर्ष संपल्यापासून पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. दहा मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं राहिलं तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो, आणि तो परत मिळवायला नव्याने अर्ज आणि शुल्क. ‘ती भरत असेल’ असं प्रत्येकीने दुसरीबद्दल गृहीत धरलं की नेमकं हेच होतं.

रिक्रूटमेंटमध्ये हौशी माजी सदस्या सगळ्यात जास्त नुकसान करतात. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स ही सोरोरिटींची शिखर संस्था १९०२ पासून आहे, तिच्यात २६ सोरोरिटी आहेत, आणि तिचे नियम पदवीधर सदस्यांनाही लागू आहेत. शेवटच्या प्रेफरन्स फेरीपासून बिड, म्हणजे सदस्यत्वाची आमंत्रणं, वाटेपर्यंत कडक मौन असतं. त्या काळात ओळखीतल्या मुलीला ‘आमच्याकडेच ये हं’ असा मेसेज पाठवलात तर तक्रार चॅप्टरवर होते. बिडचं आश्वासन तर कधीच द्यायचं नाही. मुलीने शेवटच्या फेरीनंतर बिड स्वीकारण्याच्या करारावर सही केली आणि आलेली बिड नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत तिला या संघटनांमध्ये जागा नाही. असल्या निर्णयात मावशीने, बहिणीने पडू नये. शिफारसपत्राची सक्ती आणि आई-बहीण सदस्य असल्याची सवलत बऱ्याच संघटनांनी गेल्या काही वर्षांत काढली किंवा सैल केली आहे. तुमच्या वेळचे नियम सांगायला जाऊ नका, या वर्षीचे वाचा.

दारूचंही तसंच. टेलगेटला, म्हणजे मॅचआधीच्या पार्किंगमधल्या पार्टीला, माजी सदस्यांनी कूलर भरून आणला आणि त्यातून १९ वर्षांच्या मुलीने घेतलं, तर कायद्याचा २१ वर्षांचा नियम मोडतो आणि चॅप्टरचा विमाही अडचणीत येतो. हेझिंग (नव्या सदस्यांचं रॅगिंग) कानावर आलं तर ‘आमच्या वेळीही होतं’ म्हणून सोडून देता येत नाही. ओहायोच्या २०२१ च्या कायद्यात कळवण्याची जबाबदारी माजी सदस्य आणि स्वयंसेवकांवरही टाकली आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने कॉलेजांना हेझिंगच्या प्रकरणांचा जाहीर अहवाल देणं भाग पाडलं आहे.

सगळ्या संघटनांची घडण एकसारखी नसते. अल्फा कप्पा अल्फा (१९०८) किंवा डेल्टा सिग्मा थीटा (१९१३) अशा कृष्णवर्णीय सोरोरिटींमध्ये ग्रॅज्युएट चॅप्टर हाच कणा असतो, कॉलेज चॅप्टरला सल्लागार तोच देतो. १९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात सुरू झालेल्या डेल्टा फाय ओमेगासारख्या दक्षिण आशियाई सोरोरिटींना बहुधा घर नसतं आणि चॅप्टर लहान असतात. तिथे दोन कामसू माजी सदस्यांनीही मोठा फरक पडतो.

नोकरीची मदत करायची असेल तर प्रेरणादायी भाषण नको, रेझ्युमे बघा. त्यात ‘व्हीपी रिक्रूटमेंट’ एवढंच असतं. ग्रीक लाइफ, म्हणजे सोरोरिटीचं जग, न पाहिलेल्या मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. किती जणींना शिकवलं, किती दिवस, किती बजेट, हे विचारा. मग ती ओळ ‘११० सदस्यांचं प्रशिक्षण आणि सहा दिवसांचं वेळापत्रक, १४,००० डॉलरचं बजेट’ अशी होते. एका मुलीला वीस मिनिटं पुरतात.

चॅप्टरच्या निवडणुका बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या सुमारास होतात. सल्लागाराने डिसेंबरच्या सुट्टीआधी एवढं उरकावं: चॅप्टरच्या ईमेलचे आणि ड्राइव्हचे पासवर्ड बदलणं, घराच्या चाव्या मोजून घेणं, आणि नव्या पदाधिकाऱ्यांची नावं असलेलं सभेचं इतिवृत्त घेऊन जुन्या-नव्या खजिनदारांना एकत्र बँकेत पाठवणं. जानेवारीत जुनी खजिनदार परदेशी सेमिस्टरला गेलेली असते, आणि बँकेत सही अजून तिचीच चालते.