सिनेमासाठी जन्मलेल्या गाण्यांच्या मागावर: न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस

न्यूयॉर्कच्या पश्चिम २८व्या रस्त्यावर ४७ ते ५५ क्रमांकाच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे छापील गाणी विकणाऱ्या प्रकाशकांची दाटी होती. एका वेळी कितीतरी पियानोंचा कलकलाट चाले, त्यावरून गल्लीला ‘टिन पॅन ॲली’, म्हणजे पत्र्याच्या भांड्यांची गल्ली, असं नाव पडलं. २०१९ मध्ये शहराने या इमारतींना वारसा दर्जा दिला. हॉलिवूडच्या गाण्यांसाठी निघालेली मी आधी इथे आले, कारण ती गाणी या धंद्याच्या पोटी जन्मली असं मला ठामपणे वाटतं. मूकपटांच्या काळातच प्रकाशकांनी ओळखलं होतं की पडद्यासोबत वाजलेली धून प्रेक्षक घरी नेतो, आणि मग तिची छापील प्रतही विकत घेतो.

लॉस एंजेलिसमध्ये पहिला मुक्काम सनसेट बुलेव्हार्ड. वॉर्नर ब्रदर्सचा जुना स्टुडिओ, दर्शनी भागाला पांढऱ्या खांबांची रांग. १९२७ चा ‘द जॅझ सिंगर’ हा सुरुवातीचा बोलपट इथे चित्रित झाला. त्यातली बहुतेक गाणी मात्र आधीपासून लोकांच्या ओठांवर होती. ‘ब्लू स्काईज’ आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेच्या रंगमंचावर येऊन गेलं होतं. यातला नायक अल जोल्सन कृष्णवर्णीयांची नक्कल करत चेहऱ्याला काळा रंग फासून गातो. ते आज पाहवत नाही, पण या इतिहासातून ते वगळणंही मला पटत नाही. पुढच्या वर्षी ‘द सिंगिंग फूल’साठी जोल्सनला खास नवं गाणं मिळालं, ‘सनी बॉय’. ते प्रचंड खपलं. तेव्हा वॉर्नरने हिशेब केला: गाणं आपल्या सिनेमामुळे गाजतं, तर त्याचा पैसा दुसऱ्याकडे का जावा? १९२९ मध्ये त्यांनी विटमार्क, हार्म्स आणि रेमिक ही प्रकाशनगृहंच विकत घेतली. यातल्या विटमार्कचं बिऱ्हाड एकेकाळी त्याच २८व्या रस्त्यावर होतं.

कल्व्हर सिटीत एमजीएम या चित्रपट कंपनीच्या जुन्या आवारात आता सोनीचा स्टुडिओ आहे. तो पायी फिरून पाहता येतो. माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते इथे. ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) हा एमजीएमचा चित्रपट. गीतं आर्थर फ्रीडची, संगीत नासिओ हर्ब ब्राउनचं. तेव्हा वाद्यवृंद सेटवरच, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून वाजवायचा. चित्र आणि आवाज एकदमच टिपले जात. ‘द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ हे नृत्यगीत निर्माता आयर्विंग थॉलबर्गला आवडलं नाही. पुन्हा चित्रित करायचं ठरलं. ध्वनिविभागाच्या डग्लस शिअररने सुचवलं, आवाज उत्तम उतरलाय, तोच भोंग्यातून वाजवा आणि नर्तकींना त्यावर नाचू द्या. वादकांचा दुसऱ्यांदा होणारा खर्च वाचला आणि कॅमेरा मोकळा झाला. ज्या प्लेबॅकवर आपली अवघी चित्रपटसृष्टी उभी आहे, त्याचं हे अगदी सुरुवातीचं रूप! आपल्याकडे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात होते. त्या आवारात उभं राहून मला त्यांचीच आठवण येत राहिली. केवढी तयारी लागत असेल!

पुढे १९३० च्या सुमारास संगीतपटांचा इतका मारा झाला की लोक कंटाळले. तयार चित्रपटांतून गाणी कापली गेली. १९३३ मध्ये ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने, हॅरी वॉरन आणि अल डुबिन यांच्या गाण्यांनी, वारं पुन्हा फिरवलं.

शेवटचा थांबा डाउनटाउनमधलं बिल्टमोर हॉटेल. रंगवलेली उंच छतं पाहत बराच वेळ फिरले. १९३५ च्या फेब्रुवारीत गाण्याचं पहिलं ऑस्कर इथे दिलं गेलं, ‘द कॉन्टिनेंटल’ला. सात वर्षांनी याच हॉटेलात ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ जिंकलं. ते चित्रपटासाठी लिहिलेलं नव्हतं. पॅरिस जर्मनांच्या हाती पडल्यावर गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइनने लिहिलेलं, आधीच प्रसिद्ध झालेलं आणि मग चित्रपटात घेतलेलं गाणं होतं. संगीतकार जेरोम कर्नला स्वतःलाच हे बक्षीस खटकलं. त्याने आग्रह धरला, आणि खास चित्रपटासाठी लिहिलेलं गाणंच पात्र ठरेल असा नियम झाला.