ठणठणीत कोंबड्यांच्या पोटातलं

गेल्या महिन्यात गावी गेले, तेव्हा दादाच्या पोल्ट्रीत ३२ दिवसांची बॅच होती. मरतूक जवळजवळ नाही, खाद्य खाणं उत्तम. "अगं, एक तरी पक्षी मरगळलेला दाखव," दादा म्हणाला. खरंच नव्हता. मला तसलेच धडधाकट पक्षी हवे होते, कारण औषधांना दाद न देणारे जिवाणू निरोगी कोंबडीच्या पोटातही असतात का, ते बघायचं होतं. दहांचे स्वॅब घेऊन लॅबला आले.

ई. कोलाय हा जिवाणू सगळ्यांत मिळाला. त्यात नवल नाही. तो कोंबडीच्या आतड्यात मुक्कामालाच असतो आणि सहसा तिला काही करत नाही. पण जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची चकती ठेवली, की औषध लागू पडत असेल तर तिच्याभोवती जी स्वच्छ, मोकळी जागा दिसायला हवी, ती बहुतेक प्लेटांवर नव्हतीच. जिवाणू चकतीला खेटून वाढले होते. सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचीही बऱ्याच ठिकाणी तीच गत. दादा सिप्रो देत नाही, पण पिल्लं आली की पहिले काही दिवस पाण्यातून एन्रोफ्लॉक्सासिन देतो, "खबरदारी म्हणून". दोन्ही एकाच घराण्यातली औषधं, आणि एन्रोचा काही भाग शरीरात गेल्यावर सिप्रोच होतो.

दादाला मी स्टुअर्ट लेव्ही या संशोधकांचा प्रयोग सांगितला. अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन घातलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या पोटातले जवळपास सगळे ई. कोलाय त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या पोटातही असे जिवाणू शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडू लागले. हे १९७६ साली छापून आलंय! पुढे ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी बहुतेकांच्या तपासणीत ते जिवाणू मिळाले नाहीत. माझा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर होता.

कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर आपल्याकडे २०१९ च्या जुलैमध्ये बंदी आली, ते दादाला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागात बाकीची औषधं हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते औषध आपण कोंबड्यांना देत होतो. अजूनही मला हे आठवलं की राग येतो.

दादाची भीती खोटी नाही. मरतूक वाढली तर नुकसान त्याचं, माझं नाही. तरी पुढच्या बॅचला औषधाविना सुरुवात करायला तो तयार झालाय. त्याआधी शेड जास्त दिवस रिकामं ठेवायचं, चुना मारायचा, आणि कोंबडखत ताजं न देता ढीग लावून नीट कुजवल्यावरच कांद्याच्या वावरात टाकायचं. आई शेडमधून थेट चुलीपाशी जाते; दारातच साबण ठेवून आले.

नव्या बॅचचे स्वॅब पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि विक्रीआधी घेणार आहे. पहिल्या दिवशी अशासाठी, की हॅचरीतून येतानाच पिल्लं पोटात काय घेऊन येतात ते मला बघायचंय.