विहिरीतली निमाडी गाय

मे महिन्यातली गोष्ट. चोपडा तालुक्यातल्या एका मळ्यातून पहाटेच फोन आला, "डाक्टरसाहेब, गाय विहीरमा पडनी, पन जित्ती शे!"

विहिरीला कठडा नव्हता. खाली तांबूस, पांढऱ्या डागांची निमाडी गाय पुढचे खूर कपारीला टेकवून नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर धरून होती. पडल्यापासून किती तास झाले, कुणालाच ठाऊक नव्हतं. गाय एवढी तग धरते ती कोठीपोटामुळे, म्हणजे पोटाच्या सर्वात मोठ्या कप्प्यामुळे. त्यात वायू साठलेला असतो, म्हणून एवढं अवजड जनावर पाण्यात तरंगतं. कपारीने तिला दमही खाऊ दिला.

गावकऱ्यांनी दोराचा फास तयारच ठेवला होता. मी ओरडलोच, गळ्यात दोर नको! पडून वाचलेली कितीतरी जनावरं वर ओढताना गळफासानं जातात, आणि दरवेळी माझा जीव तुटतो. दोन पोरं खाली उतरली. पुढच्या पायांमागून आणि मागच्या पायांपुढून रुंद पट्टे घेतले, काचू नयेत म्हणून आत गोणपाट घातलं आणि हायड्रा क्रेननं तिला हळूहळू वर घेतलं.

बाहेर येताच तिनं अंग टाकलं. ताप मोजला तर ९७. गायीचा असतो १०१-१०२. वर जळगावचं ऊन तापायला लागलेलं आणि ही थंडीनं कुडकुडत होती! एक आजी गूळपाणी घेऊन आल्या. त्यांची माया कळत होती, पण गळून गेलेल्या जनावराला तोंडानं पाजलेलं पाणी थेट फुफ्फुसात उतरू शकतं. त्यांना म्हटलं, "आजी, त्यापेक्षा तिचं अंग चोळा." कुशीवर पडून राहिली तर ढेकर अडून पोट फुगतं, म्हणून चौघांनी तिला छातीवर बसवून दोन्ही बाजूंनी पेंढ्यांचा टेकू दिला. कोमट सलाईन लावलं. सगळे गोणपाटानं खसाखसा अंग चोळत होते.

दुपारकडे ती धडपडत उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. संध्याकाळी रवंथ सुरू झाला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. छाती ऐकली, घरघर नव्हती. तरी पुढचे काही दिवस श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं, कारण पाणी आत गेलं असेल तर न्यूमोनिया मागाहून उठतो.

गाय सात महिन्यांची गाभण होती. वासरू जिवंत आहे का, हे विचारायचा मालकाला धीर होत नव्हता. मीच हात घालून तपासलं. वासराचा पाय बोटांना लागला, जरा चिमटला, तर त्यानं तो झटक्यात मागे घेतला.