नवव्या महिन्याचा डोस आणि संपलेली रजा

माहेरी बाळंतपण झालं की बाळाचे पहिले डोस जवळजवळ आपोआप होतात. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या. दीड आणि अडीच महिन्यांचे डोस अंगणवाडीत झाले. मी फक्त बाळाला दुपट्यात गुंडाळून आईबरोबर चालत गेले.

मग सासरी चिंचवडला आले आणि साडेतीन महिन्यांच्या डोसला गाडं अडलं. गावच्या यादीत नाव होतं, पण मी तिथे नव्हते. इथल्या आशाताईंना तर आम्ही माहीतच नव्हतो. नोंदणी भावाच्या नंबरावर, त्यामुळे मेसेज त्याला जायचा. तो बिचारा आठवण आली की पुढे पाठवायचा.

जवळच्या सरकारी दवाखान्यात लसीकरणाचा वार ठरलेला, तोही सकाळचा. नेमकी त्या दिवशी बाळाला सर्दी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नाक वाहतंय त्याचं, आज नको नेऊस." पुढच्या आठवड्यात घरात लग्न. मग एवढा उशीर झाला म्हटल्यावर सिस्टर ओरडतील, ही धास्ती. ओरडा खावा लागेल म्हणून न जाणाऱ्या बायका मी नंतर कितीतरी पाहिल्या, आणि त्यांना कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो.

सिस्टर ओरडल्या नाहीत. कार्ड उलटसुलट करून म्हणाल्या, "साध्या सर्दीला आम्ही डोस थांबवत नाही. आणि उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिला तिथून पुढे." हे वाक्य खरं तर दवाखान्याच्या दारावरच लिहायला हवं. माझ्यामागे बांधकामावरची एक बाई होती. तिचं कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलेलं. सिस्टरनी तिच्या मुलीची डावी बाही वर केली, दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण अंगठ्याने चाचपला आणि नवं कार्ड लिहायला घेतलं.

साडेतीन महिन्यांनंतर सरकारी वेळापत्रकात थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. मधली पोकळी फसवी. टोचायचं काही नाही, मग दवाखान्यात कशाला जायचं, असं आमच्याकडे सगळ्यांचंच मत. पण वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू होतं आणि वजन अडकतं ते बहुतेकदा तिथेच. गावाकडे आशाताईंच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्याच्या भेटी ठरलेल्या असतात. इथे आमच्याकडे कुणीच फिरकलं नाही, म्हणून मी खासगी बालरोगतज्ज्ञांकडे फी भरून वजन-उंची करून आणली. त्यांनी आलेखावर ठिपका दिला तेव्हा कुठे सासूबाईंना त्या फीचं सार्थक वाटलं.

नवव्या महिन्याची अडचण वेगळीच. बाळंतपणाची भरपगारी रजा 26 आठवड्यांची, त्यातली 8 आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. मी आधीच बरीच घेतली होती. म्हणजे हा डोस यायच्या कितीतरी आधी मी कामावर हजर. त्यात गोवर-रुबेलाची बाटली उघडली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून सिस्टर आणखी मुलं यायची वाट बघत बसल्या. अर्ध्या दिवसाची रजा अशी पूर्ण दिवसाची होते. रोजंदारीवाल्या घरात त्या दिवसाचा खाडा, की झालं.

त्याच दिवशी मी सिस्टरकडून नोंदणीतला नंबर बदलून घेतला. कार्डाचा फोटो आता माझ्या, नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या, तिघांच्याही फोनमध्ये आहे.

पुढचा बूस्टर बाळ सोळा महिन्यांचं झाल्यावर, दोन वर्षांच्या आत. नवऱ्याला सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी असते, तेव्हा या खेपेला तोच नेणार आहे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, गाडी काढायची घाई करू नकोस, एवढं त्याला सांगून ठेवलंय.