चार नॅनोमीटरचा गोळा

आज दिवसभर सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाच्या मागे होते. पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला साधारण 8 मिलिमोलच्या वर गेलं की सुटे रेणू एकत्र येतात: तेलकट शेपट्या आत, ऋणभारित डोकी बाहेर. साठेक रेणूंचा हा मायसेल, जेमतेम 4 नॅनोमीटरचा.

लेझरचा प्रकाश कणांवरून कसा विखुरतो, त्यावरून आकार मोजत होते. सकाळची पहिली दोन रीडिंग वाया गेली. आकारांच्या आलेखात दोनशे नॅनोमीटरपाशी एक उंचवटा ठाण मांडून बसलेला. धूळ! इतक्या लहान कणांनी विखुरलेला प्रकाश त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे धुळीचा एकच कण लाखो मायसेलना झाकतो. द्रावण पुन्हा गाळलं, क्युवेट (द्रावण ठेवायची काचेची छोटी कुपी) धुतली, काचेला चिकटलेला बुडबुडा टिचकी मारून वर घालवला. उंचवटा गेला.

मग थोडं मीठ घातलं. मीठ नसेल तर भारित मायसेल एकमेकांना ढकलतात, डिफ्यूजन, म्हणजे कणांचं आपोआप भटकत पसरणं, जास्त वेगवान दिसतं आणि आकार खोटाच लहान येतो. आता डिफ्यूजनचा गुणांक सेकंदाला सुमारे 100 चौरस मायक्रोमीटर आला. डिफ्यूजनवरून त्रिज्या काढणारं आइन्स्टाइनचं 1905 चं सूत्र वापरलं आणि कागदावर 2 नॅनोमीटरची त्रिज्या उतरली. किती बरं वाटलं!

विद्युतभाराचं मोजमाप मला सगळ्यात आवडतं. साठ डोकी म्हणजे साठ ऋणभार, असं वाटतं ना? पण बहुतेक सोडियम आयन पृष्ठभागाला बिलगून मायसेलबरोबरच फिरतात. विद्युतक्षेत्र लावलं की गोळा धन इलेक्ट्रोडकडे सरकतो तो उरलेल्या थोड्याशा भाराच्या जोरावर. तो वेग विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या वारंवारतेतल्या इवल्याशा फरकातून कळतो.

उद्या मिठाचं प्रमाण वाढवून पुन्हा मोजणार आहे.