तुम्ही विचारलंत म्हणून: घरी डायलिसिस जमेल का?

सासूबाईंचं डायलिसिस आम्ही घरीच करतो हे कळलं की कारेलीबागेतल्या शेजारणींपासून बडोद्यातल्या सगळ्या नातेवाइकांपर्यंत जो तो विचारतो, "आम्हाला जमेल का हो?" हात धुऊन, मास्क बांधून नळी जोडणं जमतं. मी उलट विचारते, तुम्ही तापानं पडलात तर कोण करणार?

आमचं पोटाचं डायलिसिस. पोटात कायमची बसवलेली मऊ नळी. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, काढायचं, नवं भरायचं. दिवसातून चार खेपा, एकेक अर्ध्या-पाऊण तासाची. रुग्णाची नजर आणि हात चांगले असतील तर तो स्वतःच करतो. आईंची नजर मधुमेहानं अधू झालेली. म्हणजे चारही खेपा आमच्या, पाडव्यालाही आणि उत्तरायणलाही.

शिकायला दोघांनी या, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. मी एकटीच गेले. ह्यांना ऑफिस होतं, आणि हे काम सुनेचंच, हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. मीही काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या महिन्यात मला ताप आला. खिडक्या लावून, पंखा बंद करून मी भिंतीला टेकून खेप करत होते. हात थरथरत होते. आई म्हणाल्या, "अगं, राहू दे आजची." मी राहू दिली नाही. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागलं असणार, मला कळलंसुद्धा नाही.

पोटातून आलेल्या पाण्याच्या पिशवीमागे आम्ही छापील कागद धरतो. अक्षरं वाचता आली म्हणजे पाणी स्वच्छ. दोन दिवसांनी अक्षरं दिसेनात. आईंच्या पोटात दुखत होतं. ती गढूळ पिशवी तशीच घेऊन आम्ही दवाखान्यात धावलो. पोटाच्या आतल्या पडद्याला जंतुसंसर्ग झाला होता. अँटिबायोटिक सुरू झालं आणि आई बऱ्या झाल्या. पुढच्याच आठवड्यात ह्यांनी रजा काढली आणि शिकायला गेले.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलं, वीज गेली. महिन्याला सव्वाशेच्या आसपास पिशव्या लागतात. सगळी खोकी वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. हातानं करायच्या या पद्धतीला वीज लागत नाही, फक्त पिशवी कोमट करायचा हीटिंग पॅड बंद पडला. मुलीनं टॉर्च धरला. ह्यांनी पिशवी बराच वेळ पोटाशी धरून ठेवली, मग मास्क बांधला आणि आईंना म्हणाले, "आई, सरळ बस." मी शेजारच्या खोलीत झोपले होते.