सीनियर पोर्ट्रेट आणि रंगमंचावरचा उजेड

न्यू जर्सीत मुलं बारावीत गेली की 'सीनियर पोर्ट्रेट' हा एक सोहळाच असतो. इयरबुकसाठीचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक फोटो-पुस्तकासाठीचा, फोटो शाळेने ठरवलेला स्टुडिओ काढतो: मुलींच्या खांद्यांवर काळं कापड, मुलांना कोट-बो टाय, मागे साधा पडदा. आमचा तो फोटो ऑगस्टमध्ये दहा मिनिटांत उरकला. लेकीला मात्र आणखी एक हवा होता, रंगमंचावरचा. चार वर्षं तिची प्रत्येक संध्याकाळ तालमीत गेली होती, त्यामुळे तिचा हट्ट मला पटला.

आधी परवानगी. शाळेचं सभागृह शनिवारी उघडायचं तर फोटोग्राफरच्या विम्याचा कागद हवा आणि शाळेचं कुणीतरी हजर हवं. यात तीन आठवडे गेले, तेव्हा हे काम सर्वांत आधी सुरू करा. मागच्या संगीतिकेचा पोशाख भाड्याचा होता, तो परत गेलेला. मग तिच्या मालकीचं होतं तेच घेतलं: झिजलेले नाचाचे बूट, घेरदार स्कर्ट आणि पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली संहिता. मला विचाराल तर भाड्याच्या पोशाखापेक्षा हेच जास्त तिचं होतं.

पहिला दिवस पूर्ण फसला. फोटोग्राफर बागेत सुंदर फोटो काढणारा, रंगमंचाची सवय नसलेला. निळ्या-जांभळ्या दिव्यांत लेकीचा गव्हाळ चेहरा राखेसारखा दिसला आणि प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे. घरी येऊन ती रडली.

कोडं सोडवलं तिच्या मैत्रिणीने. ही मुलगी चार वर्षं लाइट बोर्ड, म्हणजे रंगमंचाच्या दिव्यांचं नियंत्रण, सांभाळते. तिने सांगितलं, एलईडी दिवा मंद केला की तो खरं तर भराभर उघडझाप करत असतो. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याचा शटर वेगवान असला की ते पट्टे उमटतात. दुसऱ्या शनिवारी तिने रंगीत दिवे फक्त मागच्या पडद्यावर ठेवले, चेहऱ्यासाठी समोरून पंचेचाळीस अंशांत जुने पिवळट उजेडाचे दिवे लावले आणि फोटोग्राफरला शटर १/५०० सेकंदावरून १/६० सेकंदावर आणायला लावला. पट्टे गेले! इतक्या संथ शटरमुळे गिरकी घेताना स्कर्ट धूसर झाला आणि चेहरा तेवढा स्पष्ट राहिला, तो फोटो मला फार आवडतो. मेकअपही बदलावा लागला. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी काजळाची जाड रेघ जवळच्या लेन्सला भडक दिसते.

नाट्यशिक्षणासाठी कॉलेजांना अर्ज करणार असाल तर हे फोटो तिथे पाठवू नका. त्यांना आठ बाय दहा इंचांचा साधा हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो, लागतो, मूल ऑडिशनला दारातून आत येईल तेव्हा दिसेल तसाच. तो आम्ही वेगळा काढला, खिडकीपाशी.

शेवटी सगळे दिवे घालवले आणि घोस्ट लाइट पेटवला. नाट्यगृह रिकामं झालं की रंगमंचावर दांडीवरचा एकच बल्ब जळता ठेवतात. अंधारात कुणी पिटात, म्हणजे रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात, पडू नये म्हणून, आणि तिथल्या भुतांसाठी म्हणूनही, असं हौशी मंडळी सांगतात. मला मात्र सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात प्रयोगाआधी नटराजापुढे लावलेली समई आठवली. कॅमेरा स्टँडवर, शटर पूर्ण एक सेकंद उघडा. लेक संहिता छातीशी धरून श्वास रोखून उभी राहिली. सहाव्या वेळी जमलं.

तो फोटो मी सांगलीला बाबांना पाठवला. त्यांनी तरुणपणी हौशी नाटकांचे दिवे सांभाळलेले. रात्री फोन आला. नातीचं कौतुक नंतर, पहिला प्रश्न, "प्रकाशयोजना कुणाची गं?"

लेकीने फोन मैत्रिणीच्या हातात दिला.